काउबॉयच्या आधी: सनदा मालकांच्या, श्रम कोणाचे?

१/ चित्रपटांतला काउबॉय इंग्रजी बोलतो; त्याच्या व्यवसायाचे शब्द मात्र स्पॅनिश आहेत. ‘रँच’ हा मूळचा ‘रांचो’, ‘लॅरिएट’ हा ‘ला रिआता’ आणि ‘बकरू’ म्हणजे ‘वाकेरो’, अर्थात गुराखी.

२/ कॅलिफोर्नियात १७६९ पासून स्पॅनिश मिशनांनी गुरे वाढवली. १८३३ च्या मेक्सिकन कायद्यानंतर मिशनांच्या जमिनी खासगी हाती जाऊन रांचो फोफावले. १८४८ मध्ये प्रदेश अमेरिकेकडे गेला.

३/ १८५१ च्या कायद्याने मालकी सिद्ध करण्याचा भार जुन्या सनदा असलेल्यांवरच टाकला. ८१३ दावे दाखल झाले. ओढे, टेकड्या, झाडे दाखवणारे हस्तचित्रित नकाशे पुराव्यादाखल सादर झाले. खटल्यांच्या खर्चात अनेकांच्या जमिनी गेल्या, कागद उरले. बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात ते आजही अभ्यासता येतात.

४/ मात्र दावा मालक करतो, गुराखी करीत नाही. कितीतरी वाकेरो मूलनिवासी होते. त्यांचा माग मिशनांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत लागतो, तोही बहुधा पाद्र्यांनी दिलेल्या स्पॅनिश नावांनी.

५/ म्हणून केवळ दाव्यांच्या दप्तरावर बेतलेला इतिहास जमीनदारांचाच ठरतो. दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.