‘टू गो’ कीं ‘गोइंग’?

स्वारगेटनजीक राहणाऱ्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, इंग्रजी क्रियापदापुढें ‘टू गो’ केव्हां लिहावें व ‘गोइंग’ केव्हां लिहावें यास कांहीं नियम आहे, कीं शाळेंत मिळालेली क्रियापदांची यादी मुलानें नुसती घोकावी? पुष्कळ घरांत हा प्रश्न परीक्षेच्या सुमारास उपस्थित होतो, म्हणून आज त्याचाच विचार करूं.

यादी सर्वस्वीं टाळतां येत नाहीं, हें प्रथमच सांगून टाकितों. परंतु यादीच्या आधीं जें समजावयास हवें, तें मराठी व संस्कृत जाणणाऱ्या घरास परकें नाहीं. संस्कृतांत ‘गन्तुम्’ हें तुमन्त रूप, आणि ‘गमनम्’ हें ल्युट् प्रत्यय लागून झालेलें रूप. पहिलें अव्यय, त्यास विभक्ति लागत नाहीं. दुसरें नपुंसकलिंगी नाम. तें ‘गमनेन’, ‘गमनात्’ असें चालतें. इंग्रजीचें ‘टू गो’ पहिल्याच्या जातीचें व ‘गोइंग’ दुसऱ्याच्या. म्हणूनच ‘बिफोर’, ‘विदाउट’, ‘बाय’ अशा शब्दांपुढें ‘गोइंग’च येतें, तेथें नामाचीच जागा असते.

अर्थाचा भेदही असाच आहे. एका क्रियेसाठीं दुसरी क्रिया होत असतां पाणिनीनें तुमुन् सांगितला आहे. जसें, ‘भोक्तुं गच्छति’, म्हणजे जेवावयास जातो. तुमन्ताची दृष्टि अशी पुढें असते. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’ यांच्यापुढें ‘टू’ येतें, कारण इच्छिलेलें किंवा ठरविलेलें काम अजून व्हावयाचें असतें. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांच्यापुढें ‘इंग’ येतें, कारण तेथें ती क्रिया हीच आवडीची, समाप्तीची अथवा टाळण्याची वस्तु असते.

एके ठिकाणीं मात्र इंग्रजी निराळ्या वाटेनें जाते. इच्छार्थक धातूबरोबर संस्कृतांत तुमन्त येतें तें दोन्ही क्रियांचा कर्ता एक असेल तरच. ‘आय वॉन्ट हिम टू गो’ यांत इच्छिणारा एक व जाणारा दुसरा. अशा वेळीं मराठींतही आपण ‘त्यानें जावें असें मला वाटतें’ म्हणतों. आणि त्याच सवयीनें मुलें ‘वॉन्ट’पुढें ‘दॅट’ घालून वाक्य बिघडवितात.

आतां ‘स्टॉप’ हें क्रियापद घ्या. स्वारगेटच्या स्थानकावरून साताऱ्याकडे निघालेल्या एस. टी.चा चालक ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हटलें, तर तो चहा पिण्यासाठीं थांबला. ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हटलें, तर त्यानें चहाच सोडला. हें हसण्यावारी नेतां येईल. परंतु घरांतील वृद्ध मातोश्रींनीं रक्तदाबाच्या गोळ्या घेणें बंद केलें आहे, हें परप्रांतांतील डॉक्टरांस कळवितांना ‘स्टॉप्ड टेकिंग’ऐवजीं ‘स्टॉप्ड टू टेक’ लिहिलें गेलें, तर जी गोष्ट त्यांस कळणें अवश्य, तीच नीट पोंचत नाहीं. तसेंच ‘रिमेंबर टेकिंग’ म्हणजे गोळी घेतल्याचें आठवणें, आणि ‘रिमेंबर टू टेक’ म्हणजे ती घेण्याची आठवण ठेवणें. ‘घेतल्याचें’ आणि ‘घेण्याची’ यांत आपल्या घरांतील लहान मूलही गोंधळत नाहीं.

कांहीं क्रियापदांस दोन्ही रूपें चालतात. सप्टेंबर २०२४ मध्यें भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावूं लागली, हें सांगतांना ‘स्टार्टेड टू रन’ म्हणा कीं ‘स्टार्टेड रनिंग’ म्हणा, अर्थ एकच. उलट ‘लुक फॉरवर्ड टू’ येथें भलेभले फसतात. त्यांतील ‘टू’ तुमन्ताचें नव्हे, शब्दयोगी आहे. परीक्षा सोपी: त्यापुढें ‘युअर लेटर’ असें नाम ठेवून पाहावें. तें शोभलें, म्हणजे क्रियापदही ‘सीइंग’ असें नाम होऊनच आलें पाहिजे.

मराठी घरांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्य पुढें ठेवूनच. आमची सूचना तीच आहे. मुलानें आधीं मराठींत बोलावें: काम ‘करावयास’ निघालें आहे, कीं ‘करणें’ या वस्तूविषयीं कांहीं सांगावयाचें आहे? मग इंग्रजी लिहावें. ‘सजेस्ट’सारखें एखादें क्रियापद पुढच्या कामाविषयीं बोलूनही ‘इंग’च मागतें, अशीं हट्टी क्रियापदें मात्र वेगळ्या वहींत, एकेका पूर्ण वाक्यासह, लिहून ठेवावींत. यादी त्यामुळें नाहींशी होणार नाहीं. परंतु ती एका पानांत मावेल, आणि जें पाठ केलें तें कां पाठ केलें, हेंही मुलास ठाऊक असेल.