बिस्मार्कचा पेढीवाला

एकोणिसाव्या शतकातील युरोपाविषयी आपल्या व्याख्यानांतून आणि लेखांतून एक विधान हटकून डोकावते : युद्धे राजांनी जाहीर केली, पण ती घडवून आणली ज्यू सावकारांनी. विधान चटकदार आहे, त्याला टाळ्याही पडतात. ते धादांत खोटे आहे, आणि इतिहासाची आस्था सांगणाऱ्या मंडळींनी ते मुकाट्याने ऐकून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या विधानाचे समर्थक ज्याचा दाखला सर्वांत आधी देतात, तो बिस्मार्कचा धनको गेर्सन ब्लाइखरोडर. तेव्हा त्याचेच आयुष्य तपासून पाहू.

पहिली चूक शब्दातच आहे. या माणसाला ‘सावकार’ म्हटले की गहाणखत, जप्ती आणि नाडलेले कूळ डोळ्यांपुढे उभे राहते. वडोदरे-इंदूरच्या जुन्या घरांना पेढी आणि सावकारी यांतला भेद मी काय सांगावा? ब्लाइखरोडर पेढीवाला होता. वडील सामुएल यांनी १८०३ साली बर्लिनमध्ये थाटलेली पेढी रॉथ्सचाइल्ड घराण्याची तेथील अडत सांभाळून नावारूपाला आली. १८२२ साली जन्मलेल्या गेर्सनने १८५५मध्ये वडिलांच्या पश्चात तिची सूत्रे घेतली. १८५९ साली बिस्मार्क प्रशियाचा राजदूत म्हणून सेंट पीटर्सबर्गला जाण्यास निघाला, तेव्हा फ्रँकफुर्टच्या रॉथ्सचाइल्डांनी त्याला हेच नाव सुचवले. तेव्हापासून बिस्मार्कचे वेतन, जमिनींचे उत्पन्न, रोख्यांची खरेदी-विक्री हे सारे या पेढीच्या वह्यांत नांदू लागले.

आता युद्धाचे पाहू. १८६२ साली बिस्मार्कने रक्त आणि लोखंड यांची घोषणा केली, ती आपल्या शाळकरी पुस्तकांतून सर्वांना पाठ असते. पण त्या वेळी प्रशियाची प्रतिनिधिसभा सैन्याच्या खर्चाला मंजुरी देत नव्हती, आणि लोखंड काही फुकट मिळत नाही. १८६५ साली सरकारने कोलोन-मिंडेन रेल्वेवरील आपले हक्क कंपनीला सोडून दिले आणि त्या बदल्यात रोख व भागांच्या रूपाने सुमारे १ कोटी ३० लाख थालर पदरात पाडून घेतले. या सौद्याच्या जुळवाजुळवीत ब्लाइखरोडर होता. पुढल्याच वर्षी ऑस्ट्रियाशी युद्ध झाले. येथेच आमचे मित्र ‘पाहा!’ म्हणून बोट उगारतात. पण सभेला डावलण्याचा निर्णय कोणाचा? युद्धाचा बेत कोणाचा? पेढीवाल्याने पैशाची वाट दाखवली, नफाही कमावला. त्याला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. १८७१च्या फेब्रुवारीत तो व्हर्सायला फ्रान्सच्या खंडणीच्या वाटाघाटींसाठी गेला, तोही बोलावल्यावर. ५ अब्ज फ्रँकांचा आकडा जेत्यांनी ठरवला. ती रक्कम कशी वसूल व्हावी, हे त्याला विचारण्यात आले. गाडीच्या चाकाला वंगण घालणाऱ्याला सारथी म्हणणे हा कोणता न्याय?

खरी कसोटी लागली ती रुमानियाच्या प्रकरणात. तेथील रेल्वेचा मक्ता १८६८ साली श्ट्राउसबेर्ग नावाच्या उद्योजकाने घेतला होता. त्याचा डोलारा कोसळला, आणि त्यात प्रशियाच्या बड्या सरदारांचे पैसे अडकले. बिस्मार्कच्या आग्रहावरून ब्लाइखरोडर आणि हान्झेमान या दोघांनी तो खड्डा भरण्याचे काम अंगावर घेतले. त्याच रुमानियात ज्यूंना नागरिकत्व नव्हते. १८७८च्या बर्लिन काँग्रेसपूर्वी ब्लाइखरोडरने बिस्मार्ककडे त्यांच्यासाठी सतत रदबदली केली, आणि तहात ४४वे कलम आले : धर्मावरून कोणाचेही नागरी हक्क नाकारले जाणार नाहीत. युरोपातील ज्यूंनी त्याचे आभार मानले. पुढे काय झाले? १८७९ साली रुमानियाने अशी घटनादुरुस्ती केली, की युद्धात लढलेले काही शेकडा लोक सोडले तर प्रत्येक ज्यूला नागरिकत्वासाठी स्वतंत्रपणे संसदेपुढे जावे लागे. कलमाचा प्राणच गेला. तरीही रुमानियाने रेल्वे विकत घेण्याचे मान्य करताच, १८८०च्या फेब्रुवारीत जर्मनीने त्या देशाला मान्यता देऊन टाकली. भागधारकांचे पैसे सुटले, ज्यूंचे हक्क बुडाले. साऱ्या युरोपची सूत्रे हलवणारा म्हणून ज्याचा बोभाटा, त्याला स्वतःच्या धर्मबांधवांसाठी एक कलम राखता आले नाही. आणि त्या सौद्यात त्याच्याही पेढीचा हितसंबंध होता, हे त्याच्या पदरातले माप मी लपवत नाही.

तो साधा माणूसही नव्हता. पदके, किताब, दरबारी मेजवान्या यांचा त्याला सोस होता. १८७२ साली त्याला वंशपरंपरागत सरदारकी मिळाली. धर्मांतर न करता असा मान मिळवणारा तो प्रशियातील दुसराच ज्यू. सरदार मंडळी त्याच्या घरी जेवत आणि पाठीमागे त्याची टवाळी करत. १८७३ साली शेअरबाजार कोसळला, तेव्हा हीच मंडळी त्या बुडीत धंद्यांच्या संचालक मंडळांवर बसलेली होती, पण १८७५ साली सनातनी वृत्तपत्राने लेखमाला चालवली ती ब्लाइखरोडरचे नाव घेऊन. १८८० साली दरबारी धर्मोपदेशक श्टोकरने जाहीर सभेत त्याच्या संपत्तीवर बोट ठेवले. ब्लाइखरोडरने थेट सम्राटाकडे दाद मागितली. श्टोकरवर खटला झाला नाही. आज आपल्या व्यासपीठांवरून जे ‘रहस्य’ म्हणून सांगितले जाते, ते त्या श्टोकरच्या सभांतले शिळे अन्न आहे, एवढे तरी ते वाढणाऱ्यांनी जाणून असावे.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. १८९३ साली तो वारला. बिस्मार्कने नंतर आपल्या आठवणी लिहिल्या. तीस वर्षे आपली तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाला त्यांत जवळजवळ स्थानच नाही. जर्मन इतिहासकारांनीही दीर्घकाळ तोच कित्ता गिरवला. अखेरीस फ्रिट्झ श्टेर्न या इतिहासकाराने पेढीची हजारो पत्रे चाळून १९७७ साली या दोघांवर ग्रंथ सिद्ध केला. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी तो आधी वाचावा. ब्लाइखरोडरच्या मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तरीही नाझी राजवटीने त्याच्या वंशजांची गणना ज्यूंतच केली.