मूलपेशी, मुळ्या आणि संमतीपत्र

‘स्टेम सेल’ला मराठीत मूलपेशी म्हणतात, स्कंधपेशीही म्हणतात. एकाच वस्तूला मूळ आणि खोड अशी दोन नावे देऊन आपली परिभाषा निश्चिंत झाली. (‘मूल’ म्हणजे लेकरू हा अर्थही वाचकाच्या मनात डोकावतोच.) आम्हांला यांतले ‘मूळ’ अधिक धोक्याचे वाटते. जव्हार-मोखाड्यात भगत मुळ्या देतो. मुळीने गुण येतो ही समजूत तेथे जुनी आहे. अशा कानांवर ‘मूलपेशी’ हा शब्द औषध म्हणूनच पडणार. तो अद्याप प्रयोग आहे, हे त्यात कुठेच उमटत नाही.

मोटर न्यूरॉन आजारात हातांची पकड सुटते, जीभ जड होते, अखेर श्वासाचे स्नायू थकतात. जाणीव मात्र बहुतेकांची शाबूत असते. १९९५ साली अमेरिकेत मान्य झालेले रिलुझोल आयुष्य काही महिने लांबवते, इतकेच. मग माणूस मूलपेशींकडे वळला तर त्याला दोष कोणी द्यावा? नवी मुंबईच्या न्यूरोजेन संस्थेतील डॉक्टरांनी २०१५ साली जुन्या नोंदी तपासून, मूलपेशी घेतलेले रुग्ण अधिक जगल्याचे मांडले. परंतु अशा तुलनेत उपचार कोणाला परवडला, कोणाला प्रवास झेपला, हा फरकही दडून बसू शकतो. अमेरिकेत ‘न्यूरओन’ची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी मुख्य कसोटीला उतरली नाही, सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मतांनी पुरावा अपुरा ठरवला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: या आजारात मूलपेशी चाचणीबाहेर देऊ नयेत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. पैसे मागितले की ते संशोधन नव्हे, एवढे तरी मोखाड्याहून घाट उतरून शहरात येणाऱ्या कुटुंबास कोणी सांगावे.

ते सांगायचे कोणत्या भाषेत? संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, असा नियम आहे. प्रत्यक्षात ‘यादृच्छिक’, ‘छद्मौषध’ असली मराठी पदवीधरालाही अडखळवते. आम्ही साहित्याचे लोक वारली गीतांचे संकलन कौतुकाने करतो. त्याच बोलीत संमतीपत्र लिहिणे आम्हांला आमचे काम वाटत नाही. तेथल्या महाविद्यालयांतील वारली आणि कोकणा विद्यार्थ्यांनी असा एक मसुदा घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. आरंभ सर्वांत अवघड वाक्यापासून करावा: तुम्हांला कदाचित नुसते मीठपाणी टोचले जाईल, आणि ते कोणाला टोचले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसेल.