कुलवृत्तांतात नसलेली कुळं

माझी पुतणी जर्मनीत असते. शहरात घरभाडं परवडेना म्हणून ती आणि जावई जवळच्या एका खेड्यात राहायला गेले. मागच्या दिवाळीत सावर्ड्याला आली तेव्हा त्या खेड्याच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक मला दाखवायला घेऊन आली. गावाचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं त्याला साडेसातशे वर्षं झाली, म्हणून गावकऱ्यांनीच ते काढलेलं. मला जर्मन कुठलं येतंय! रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून तिनं थोडं थोडं वाचून सांगितलं.

चर्चच्या वह्यांत जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत तिकडे चारेकशे वर्षांची. त्यामुळे १६१८ ते १६४८ च्या युद्धात कोणती घरं ओस पडली, पुढे अमेरिकेला कोण गेलं, सगळं नावानिशी! पण मी अडलो ते १९३३ ते १९४५ च्या प्रकरणापाशी. गावातली ज्यू कुटुंबं कुठल्या घरांत राहत होती, त्यांना कधी नेलं, नंतर त्या घरांत कोण राहायला आलं, हेही गावानं छापलंय. आणि त्या नंतर आलेल्यांची नातवंडं आजही तिथंच राहतात.

तेव्हापासून मनात घोळतंय. आपल्या गावांचा असा इतिहास का नाही?

आपल्याकडे लेखी काही नसतं, असं म्हणतात. ते खरं नाही. चिपळूणला शिलाहार राजा मल्लिकार्जुनाचा ११५६ चा शिलालेख मिळाला आहे. राजे सोडा, कोकणातल्या कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. आमच्या घराण्याचाही आहे. मूळ पुरुषापासून वंशावळ, कोण पेशवाईत कुठं होतं, कोण मामलेदार झालं... आमच्या मूळ गावची खोती आमच्याकडे होती, हेही त्यात आलंय. अभिमानानं, पण एका वाक्यात.

मराठी भाषेची गंमत बघा. 'कूळ' म्हणजे घराणं, आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. शब्द एकच. पुस्तक मात्र एकाच कुळाचं निघालं.

नव्या मुलांसाठी सांगतो. गावाचा सारा सरकारात भरायचा खोतानं आणि वसुली करायची कुळांकडून. भाताचा मोठा वाटा, पुष्कळदा निम्मा, खोताकडे जायचा. वर वेठ होतीच. आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचं, त्याला आठवेठ म्हणत. १८८० च्या खोती कायद्यानंतर बोटखतं झाली. कुठली जमीन कोण कसतो आणि खोताला काय देतो, हे त्यात लिहिलेलं असे. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कायदा झाला तो १९४९ साली. पुढे कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला.

म्हणजे हे सगळं फार लांबचं नाही. माझ्या आजीच्या बोलण्यात 'आपली माणसं' असा शब्द यायचा. लहानपणी मला वाटायचं, नातेवाईकच असतील!

मूळ घराच्या माळ्यावर एक पेटी आहे. आतले कागद मोडीत. मोडी मला येत नाही, आमच्या वेळी ती शाळेत नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी एका जाणकारांकडून काही कागद वाचून घेतले. एक बोटखताची नक्कल निघाली. त्यात एक नाव ओळखीचं लागलं. शिमग्यात मला खांद्यावर बसवून पालखी दाखवणारा जो गडी होता, त्याच्या आजोबांचं. तो वयानं माझ्या वडिलांएवढा, आणि मी सहा वर्षांचा पोर त्याला 'अरे' म्हणायचो. कोणीही मला टोकलं नाही. हे कुठल्या कुलवृत्तांतात लिहायचं?

शाळेचं जनरल रजिस्टर हाही गावाचा इतिहासच. नोकरीत ती रजिस्टरं मी स्वतः लिहिली. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. मुलांपुढे 'मुंबईस गेला', मुलींपुढे 'घरकाम'. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या आणि २००१ पेक्षा लोकसंख्या कमी भरली. तो आकडा या रकान्यात आधीपासून लिहिलेला होता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा राज्यभर जुनी रजिस्टरं आणि मोडी कागद बाहेर निघाले. म्हणजे दाखल्यासाठी आपण हे कागद वाचतो. इतिहासासाठी मात्र वाळवीवर सोडतो.

हे मी आमच्या एका वडीलधाऱ्यांना फोनवर बोललो. ते म्हणाले, "कशाला जुनं उकरतोस? त्यांची मुलं आता इंजिनिअर झाली. उगीच मनं दुखावतील." दादा, तुमचा मान राखून सांगतो, मनं त्यांची दुखावणार नाहीत. अवघडल्यासारखं होईल ते आपल्याला. जर्मनीत जे घडलं त्याची आणि खोतीची बरोबरी मी करत नाही. पण स्वतःला अवघड वाटणारं पानही गावाच्या पुस्तकात घालता येतं, एवढं तरी त्या खेड्याकडून घ्यावं.

माझं म्हणणं इतकंच. पेटीतल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून घ्यावा, मोडी जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्यावा आणि पहिली प्रत आपल्या घराण्यात न वाटता त्या वाडीला द्यावी. त्यांच्या आजोबांबद्दल काय लिहायचं ते त्यांनी लिहावं, आपलं आपण लिहू. मग दोन्ही मिळून गावाचं पुस्तक होईल.

पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. मे महिन्यात मंडळी आंब्यांना येतीलच. दोन दिवस जास्तीचे काढून या. माळ्यावर चढायला मला आता कोणाचा तरी हात लागतो.