शंकासुरांच्या बाजूने

कालप्रवासाच्या मालिकांवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या माणसांबद्दल एका विद्वान गृहस्थांचं मत नुकतंच कानांवर आलं. एका परिसंवादात ते बोलले, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या म्हणून तेच त्यांनी पुढे दोन ठिकाणी लिहूनही काढलं. मत असं: कालप्रवास मुळात अशक्य, मग अशक्य गोष्टीत चूक ती काय शोधायची? सशाला शिंगच नाही आणि हे शंकासुर ते डावीकडे वळलंय की उजवीकडे यावर डोकी फोडतात. शिवाय, लिहिणाऱ्यांनी एवढा विचार केलेलाच नसतो. शिवाय, अशानं मजा जाते. शिवाय, या लोकांना उद्योग नाहीत. एकूण मुद्दे चार, त्यांतले तीन ‘शिवाय’चे.

शेवटून सुरुवात करतो. उद्योग नाहीत म्हणे: भर दुपारी परिसंवादाला येऊन बसणाऱ्यांना ते असतात असं धरून चालू. मजा जाते: ज्याची जाते त्याने वाद घालू नये, ज्याला वादातच येते त्याची काळजी गृहस्थांनी वाहू नये. उरले दोन. त्यांतल्या सशाच्या शिंगात गृहस्थांचा सगळा जीव अडकलेला आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही.

हा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो, म्हणूनच टाळ्या घेतो. पण पंचतंत्रातली माकड आणि मगरीची गोष्ट आठवून पाहा. माकड बोलतं, मगर बोलतो, मगरीण माकडाच्या काळजासाठी हटून बसते. पाच वर्षांचं पोर हे सगळं निमूट ऐकून घेतं. नदीच्या मध्यावर माकड सांगतं, अरे, काळीज तर झाडावरच राहिलं! मगर ते खरं मानतो आणि पोर खदखदून हसतं. का हसतं? बोलणारी माकडं असलेल्या त्या जगातही काळीज छातीतच असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यानं ते आपलं आपण हेरलेलं असतं. गृहस्थांचा न्याय लावला तर त्या पोरानं हसताच कामा नये. माकडाचं बोलणं चाललं, मग काळीज झाडावर ठेवलेलं का चालू नये? अशक्यात कसला आलाय नियम! थोडक्यात, इतकी शतकं एकट्या पडलेल्या त्या मगराला आता एक विद्वान पाठीराखा मिळाला आहे.

आणि कालप्रवास ‘अशक्य’ हा निकाल तरी कुणी दिला? कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये आइनस्टाइनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं, ज्यात पुढे पुढे जात राहिलेला प्रवासी स्वतःच्याच भूतकाळात जाऊन पोचतो. आपलं विश्व तसं नाही. पण समीकरणं त्याला आडवी येत नाहीत. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञानं १९७६ च्या निबंधात त्याच्याही पुढचं मांडलं: कालप्रवासात विचित्रपणा भरपूर आहे, व्याघात नाही. इतिहास एकच असेल आणि एकदाच घडत असेल, तर आजोबांवर बंदूक रोखणाऱ्या नातवाचा नेम चुकेल, ऐनवेळी कशानं तरी लक्ष विचलित होईल. काही ना काही होईल, कारण आजोबा जगले हे घडून गेलेलं आहे. स्टीफन हॉकिंगना हे प्रवास पटत नव्हते. निसर्ग ते होऊ देत नसावा, असं त्यांनी १९९२ मध्ये मांडलं, पण अटकळ म्हणून मांडलं. २८ जून २००९ ला त्यांनी कालप्रवाशांसाठी केंब्रिजात मेजवानी ठेवली, आमंत्रणं ती उरकल्यावर धाडली, आणि कुणी फिरकलं नाही हे पुरावा म्हणून गमतीनं मिरवलं. एवढं करूनही हॉकिंग अटकळीवरच थांबले. आमचे गृहस्थ निकालावर पोचले, तेही चहापानाच्या आधी.

आता ज्या मालिकेवरून त्यांचं पित्त खवळलं ती पाहू. नेटफ्लिक्सवरची जर्मन ‘डार्क’. बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझे यांनी २०१७ ते २०२० या काळात तीन पर्वं आणि २६ भागांत रचलेली. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, अणुवीजकेंद्र, जंगल, गुहा, आणि त्या गुहेतून ३३ वर्षांच्या टप्प्यानं मागेपुढे करणारी माणसं: २०१९, १९८६, १९५३. घराणी मोजकीच, पण वंशावळ अशी, की माझ्या भाच्यानं ती वहीच्या जोडपानावर काढायला घेतली तेव्हा शार्लोटपासून निघालेला बाण तीन घरं ओलांडून पुन्हा शार्लोटच्याच चौकटीत शिरला. त्यानं तो लाल पेनानं गिरवला आणि शेजारी छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं.

मालिकेनं स्वतःला एक कडक नियम घालून घेतला आहे: घडलेलं बदलत नाही, बदलायला जाल ते घडवून याल. दुसऱ्या पर्वात मालिकेचा नायक योनास वडिलांची आत्महत्या टाळायला त्यांच्या शेवटच्या रात्री त्यांच्यापुढे उभा राहतो. वडील चकित. त्यांच्या मनात तसलं काही नाही, चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नाही. मुलगा इतक्या कळकळीनं अडवायला आला म्हणून त्यांना कळतं की आपण हे करणार आहोत, आणि केलं नाही तर पुढचं काहीच घडणार नाही. हा प्रसंग ज्याच्या पोटात कालवतो, त्याला तो नियम समजलेला असतो. नियमच नसता तर कालवाकालव कशाची?

आपल्या नैयायिकांनी युक्तिवादातल्या दोषांना नावं देऊन ठेवली आहेत: आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक, अनवस्था. विंडेनमध्ये पहिले दोन तर हाडामांसाचे होऊन हिंडतात. १९८६ मध्ये टानहाउस या घड्याळजीच्या दुकानात एक अनोळखी इसम बिघडलेलं कालयंत्र घेऊन येतो. घड्याळजीपाशी तसंच एक यंत्र आधीच आहे, फक्त ते चालत नाही. बिघडलेलं उघडून बघत तो आपलं पुरं करतो. आणि तेच पुढे झिजून, बिघडून त्याच्याकडे परत आलेलं असतं. यंत्र स्वतःकडे बघून तयार झालं: आत्माश्रय. शार्लोट ही एलिझाबेथची आई, आणि एलिझाबेथ ही शार्लोटची: अन्योन्याश्रय.

हे प्लॉट होल आहे का? चाहत्यांची इथे जुंपते आणि गृहस्थांना वाटतं की एकाच शिंगाला सगळे लटकले आहेत. प्रत्यक्षात तिथे फार बारीक फरक केला जातो. ज्याचा उगम सापडत नाही ते वेगळं, आणि ज्याची दोन टोकं एकमेकांना खोटं पाडतात ते वेगळं. आई-मुलीच्या फेऱ्यावर एक आक्षेप नेहमी येतो: दर फेऱ्याला जनुकांचा वाटा निम्मा होत होत शार्लोटमध्ये शार्लोट उरणारच नाही. उत्तर येतं: फेरे अनेक नाहीतच, एकच आहे, मुलीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे गेलेला तुकडा तोच राहिला म्हणजे हिशोब जुळला. उगम नाही, पण विसंगतीही नाही. हे सुचायला गुणसूत्रं थोडी आणि तर्क पुष्कळ यावा लागतो.

खरं भोक दुसरीकडे आहे. शेवट ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. गृहस्थांनी खुशाल वाचावा, त्यांनी पहिलाही भाग पाहिल्याचं त्यांच्या लिहिण्यावरून दिसत नाही. शेवटच्या भागात योनासचं जग आणि त्याची प्रेयसी मार्था हिचं जग ही एका तिसऱ्या, मूळ जगाची शकलं ठरतात. तिथल्या टानहाउसचे मुलगा, सून आणि तान्ही नात १९७१ मध्ये मोटार अपघातात गेले. त्यांना परत मिळवायला त्यानं यंत्र बांधलं, १९८६ मध्ये ते सुरू केलं आणि जग फाटलं. योनास आणि मार्था त्या मूळ जगात जाऊन रस्त्यात उभे राहतात, मोटार मागे फिरते, अपघात टळतो. अपघात नाही तर यंत्र नाही; यंत्र नाही तर दोन जगं नाहीत; जगं नाहीत तर योनास-मार्था नाहीत. मग मोटार कुणी थांबवली? एक पक्ष म्हणतो, ही शुद्ध फसवणूक. काही बदलत नाही म्हणून पंचवीस भाग आम्हाला पिळलं आणि सव्विसाव्यात बदलून मोकळे झाले. दुसरा म्हणतो, तो नियम शकलांपुरता होता, मूळ जगाला लागू नव्हता. शिवाय विंडेनवर येणाऱ्या प्रलयाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि तेवढ्या फटीत कार्यकारणाची साखळी सुटते. पहिला विचारतो, ही फट आम्हाला कधी समजावून दिलीत? अडचण आल्यावर. दुसरा बजावतो, एक योनास तळघरात लपला आणि एक योनास मार्थाबरोबर दुसऱ्या जगात गेला, हे त्या फटीमुळेच, आणि ते तुम्ही शेवटाच्या आधीच पाहिलंत. माझा कौल थोडा पहिल्या पक्षाकडे. फट दाखवली हे कबूल, पण तिच्यातून संपूर्ण शेवट बाहेर काढायचा तर ती पहिल्या पर्वात दिसायला हवी होती. दुसऱ्या पक्षाचे लोक मला यावर अजून झोडतात. कोणता नियम, कोणत्या पर्वात, कुणाच्या तोंडून आला, एवढं सांगितल्याशिवाय तिथे तोंड उघडता येत नाही. परिसंवादात येतं.

इथे जरा आडरानात शिरतो. विज्ञानकथेत विज्ञान किती आणि कथा किती, हे दळण मराठीत मी कितीदा तरी ऐकलं आहे. एक पंथ विज्ञानाची एक चूक सापडली की कथा बाद करणार. दुसरा, साहित्य म्हटल्यावर भौतिकशास्त्राची उलटतपासणी कशाला, म्हणून हात झटकणार. जयंत नारळीकरांच्या पानिपतावरच्या कथेत गंगाधरपंत अशा इतिहासात जातात जिथे विश्वासरावांना लागायची गोळी तिळभर हुकली आणि मराठे जिंकले. परतताना त्यांच्या खिशात तिकडच्या बखरीचं एक फाटकं पान राहतं. माणूस गेला-आला हे मानलं, पण पान इकडे कसं टिकलं, असं मी एकदा दोन्ही पंथांच्या लोकांना विचारलं. पहिल्याला तो प्रश्न विज्ञानाचा वाटला नाही, दुसऱ्याला साहित्याचा. कथेचा सगळा डोलारा त्या पानावर उभा, आणि त्याच्याकडे पाहायला दोघांनाही सवड नाही! आमचे गृहस्थ त्या दुसऱ्या पंथाचे, हे आता ध्यानात आलं असेल.

लिहिणाऱ्यांनी विचार केलेला नसतो, हा मुद्दा झटक्यात उरकता येईल. ‘डार्क’च्या कथेत प्रलयाचा दिवस २७ जून २०२०, तिसरं पर्व लोकांसमोर आलं ते त्याच दिवशी. हा झाला थाट. विचार पाहायचा तर ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या, १९६३ पासूनच्या मालिकेतली १९७५ ची ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ ही गोष्ट पाहावी. १९११ साल, सुतेख नावाचा महाभयंकर देवासुर सुटू पाहतोय. कालप्रवासी डॉक्टरची सोबतीण साराह जेन म्हणते, आपण निघून जाऊ या. मी १९८० ची, जग तेव्हा शाबूत होतं, म्हणजे हा हरला असणारच. अगदी आमच्या शंकासुरांची शंका! डॉक्टर तिला उडवून लावत नाही. यंत्र १९८० वर नेतो आणि दार उघडून दाखवतो: उजाड, वादळानं झोडपलेली पृथ्वी. १९११ मधलं काम अर्धवट टाकलं तर हे. ती गप्प होते आणि दोघं कामाला परत जातात. लिहिणाऱ्यांनी प्रेक्षकाच्या आधी शंका काढली, पात्राच्या तोंडी घातली आणि पुढचं नाट्य तिच्यावरच उभं केलं.

याच मालिकेनं पुढे स्वतःचा पाय कसा अडकवून घेतला तेही सांगायला हवं. साराह जेन १९८० ची, म्हणजे तिच्या काळातल्या ‘युनिट’ या लष्करी पथकाच्या गोष्टी त्या सुमाराच्या. पण १९८३ च्या ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये त्याच पथकाचे ब्रिगेडियर १९७६ मध्ये निवृत्त झालेले आणि १९७७ मध्ये मुलांच्या शाळेत गणित शिकवताना दिसतात. हे खरंखुरं, दोन्ही टोकं एकमेकांना खोटं पाडणारं भोक. चाहत्यांनी ते वर्षानुवर्षं सोडलं नाही. कथानकातली वर्तमानपत्रं, मोटारी, पंतप्रधानांचे उल्लेख, सगळं खणून झालं. शेवटी २००८ च्या एका भागात डॉक्टरनंच युनिटमधल्या जुन्या नोकरीचा विषय काढला आणि ती सत्तरच्या दशकातली की ऐंशीच्या, हे आपल्याला नक्की आठवत नसल्याचं सांगून टाकलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आता माझी बाजू. ती लांबलचक नाही. वाद घालणारा प्रेक्षक गोष्ट दोनदा पाहतो, दुसऱ्यांदा हिशोबाच्या नजरेनं; आणि कथा कशी उभी राहते हे त्या हिशोबात जेवढं उमजतं तेवढं टाळ्या वाजवून उमजत नाही. २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’ पुन्हा उभी करणारे रसेल टी. डेव्हिस आणि त्यांच्यानंतर तिची सूत्रं घेणारे स्टीव्हन मॉफट हे दोघेही लहानपणापासूनचे तिचे कट्टर चाहते. गृहस्थांच्या परिसंवादातून उठून कुणी मालिका लिहायला बसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरं असं, की या मंडळींना सगळंच भोक दिसतं हा आरोपही खोटा. ‘डार्क’मधल्या वॉलर या पोलिसाच्या डोळ्यावर पट्टी आहे. डोळ्याला काय झालं हे तो सांगायला लागला की काहीतरी आडवं येतं, आणि मालिका संपली तरी ते कळत नाही. त्यावर तर्कांचा ढीग पडला आहे. पण तिथे एकही नियम मोडलेला नाही, लेखकांनी मुद्दाम खोडी काढली आहे, हे सगळे जाणतात. म्हणून त्याला भोक कुणी म्हणत नाही.