वरंध घाटाचा उतार आणि स्टीअरिंगमागच्या दोन पाती

भोरहून महाडकडे निघालेली गाडी नीरा-देवघरच्या जलाशयाच्या काठाने हिर्डोशी मागे टाकते आणि थोड्याच वेळात सह्याद्रीच्या कड्यावर येऊन ठेपते. पुढे कोकण उघडते. ज्या कावळ्या किल्ल्याने शतकानुशतके या घाटावर नजर ठेवली, त्याच्याच अंगावरून आजचा डांबरी रस्ता वळत वळत वरंध गावाकडे उतरतो.

सुट्टीच्या दिवशी या उतारावर एक वास हमखास येतो. तो करवंदीच्या जाळीचा नव्हे, तापलेल्या ब्रेकचा. पुढची गाडी बहुधा नवीकोरी ऑटोमॅटिक असते. गिअर ‘डी’वर, चालकाचा पाय माथ्यापासून पायथ्यापर्यंत ब्रेकवर. आणि त्याच चालकाच्या बोटांपासून दोन इंचांवर, स्टीअरिंगच्या मागे, दोन पाती स्वस्थ बसलेली असतात. डाव्या पातीवर वजाची खूण, उजवीवर अधिकची. बहुतेकांच्या लेखी ती शर्यतीची हौस. हा समज चुकीचा आहे, आणि घाटात तो महाग पडू शकतो.

समज रुजला त्याला कारण आहे. या पातींचा जन्म खरोखरच शर्यतीत झाला. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये रिओजवळच्या जाकारेपाग्वा येथे नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० ही गाडी पहिली आणली. फॉर्म्युला वनमध्ये अशा पातींनी गिअर बदलणाऱ्या गाडीचा तो पहिला विजय. शर्यतीच्या मध्येच तिचे स्टीअरिंग सैल झाले आणि ते थांब्यावर बदलावे लागले, हे विशेष. गाडीचा रचनाकार जॉन बर्नार्ड याचा एक मोठा हेतू गिअरचा दांडा आणि त्याच्या सळ्या चालकाच्या कक्षातून हटवण्याचा होता, म्हणजे कक्ष अरुंद होईल आणि गाडी वाऱ्याला कमी अडेल. हात स्टीअरिंगवरच राहतात, हा लाभ ओघाने आलाच. पुढे १९९७ मध्ये फेरारीनेच ही सोय रस्त्यावरच्या ३५५ मध्ये आणली, आणि तिथून ती उतरत उतरत मध्यमवर्गीय मोटारींपर्यंत पोहोचली.

ऑटोमॅटिक गिअर मात्र याहून पुष्कळ जुना. अमेरिकेत ओल्ड्समोबीलने १९४०च्या गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ विकायला काढला, तेव्हा भोर हे अजून पंतसचिवांचे संस्थान होते. ते विलीन व्हायला १९४८ उजाडले. त्या यंत्राचे वचन एकच होते: चालकाने गिअरचा विचार करूच नये. सपाट, सरळ रस्त्यांच्या देशात हे वचन निभावले. मावळच्या डोंगरात ते अपुरे पडते, कारण उतारावर गिअर ही केवळ सोय नसते, ती लगाम असते.

थोडा हिशेब पाहावा. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. २० अंशांचे २२ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. पाय सतत ब्रेकवर असेल, तर तिचा बहुतेक भार चार चाकांवरच्या ब्रेकवर पडतो. पॅड तापून त्यांची पकड घटते. द्रवाने पुष्कळ ओलावा शोषलेला असेल, तर तो उकळून त्यात बुडबुडे होतात आणि मग पेडल थेट तळाला जाते. हे सहसा घाटाच्या अखेरच्या टप्प्यात घडते, जेव्हा चालक ‘आलेच आता’ म्हणून निर्धास्त झालेला असतो.

डावे पाते ओढून गाडी तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये आणली, की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसल्याने हवेची वाट जवळजवळ बंद असते, आणि त्या बंद वाटेतून हवा ओढण्यात, घर्षणात गाडीचा वेग खर्ची पडतो. उष्णता रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. ब्रेक वळणासाठी ताजे राहतात. एसटीचे जुने चालक हेच एका वाक्यात शिकवत: ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. पातींनी या शिकवणीत भर काहीच घातली नाही, ती फक्त ऑटोमॅटिकवाल्यांना परत दिली.

याउलट ‘न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचते’ ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधनाची फवारणी बहुधा पूर्ण थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ती करावीच लागते. म्हणजे लगाम गेला तो गेला, पेट्रोलही गेले.

उताराचे हे भय सह्याद्रीला नवे नाही. १८६३ मध्ये खंडाळ्याचा रेल्वेघाट खुला झाला. (इंग्रजी कागदांत तो ‘भोर घाट’ म्हणून येतो आणि नवखे अभ्यासक त्याला भोर गावाशी जोडतात, तो बोरघाट, भोरचा त्याच्याशी संबंध नाही.) ३७ फुटांमागे १ फूट अशा त्या चढणीवर चढण्याइतकीच चिंता उतरण्याची होती. म्हणून सुटलेली गाडी चढाकडे वळवून थोपवणारे खास फाटे तिथे बांधावे लागले. पुढे हा मार्ग विजेवर गेला, तेव्हा आलेल्या मालगाड्यांच्या इंजिनांत उतरताना मोटारींनाच रोधक बनवून वीज तारेत परत पाठवण्याची सोय होती. चढवणाऱ्या यंत्रानेच उतरवावे, हे तत्त्व रेल्वेने शंभर वर्षांपूर्वी पत्करले. मोटारवाल्यांनी ते अजून पुरते पत्करलेले नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आजचे बरेच ऑटोमॅटिक गिअर उतार ओळखतात आणि आपण होऊन खालचा गिअर धरतात. मग पाती कशाला? पण यंत्राला चाकाखालचा उतार कळतो, पुढच्या वळणाआडचा कळत नाही. तो चालकाला दिसतो, निदान दिसायला हवा. म्हणून पाते वळणाच्या आधी ओढायचे असते, वळणात नव्हे. पावसाळी निसरड्या वळणावर एकदम खालचा गिअर घेतला, तर ओढणारी चाके घसरू शकतात. ‘डी’मध्येच पाते ओढल्यास अनेक गाड्या काही वेळाने पुन्हा स्वतःचा कारभार हाती घेतात, लांब उतारासाठी ‘एम’ किंवा ‘एस’ लावलेला बरा. इंजिन फार वेगाने फिरेल असे दिसले, तर गाडी खालचा गिअर नाकारते. तो बिघाड समजू नये. आणखी एक: गिअरने वेग कमी होताना मागचे लाल दिवे लागत नाहीत, तेव्हा मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करावा. पाती नसलेल्या गाडीत दांड्यावरचे अधिक-वजा, ‘एल’ किंवा ‘२’ हेच काम करतात.

नवी गाडी सोपवताना टचस्क्रीन, सनरूफ, गाण्यांची जोडणी सारे हौसेने दाखवले जाते. घाट कसा उतरावा, हे दाखवल्याचे क्वचितच ऐकू येते. वास्तविक १९८९च्याच, मॅन्सेलच्या विजयाच्या वर्षीच्या, भारतीय रस्ता-नियमांत अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी असे सांगितले होते. वाट द्यायची तर थांबता यायला हवे, आणि थांबता यायचे तर ब्रेक थंड हवेत.

वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, केळदजवळ मढे घाट आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला, म्हणून हे नाव, अशी परंपरा सांगते. ती वाट पायांची. खांद्यावर भार घेऊन ती उतरणाऱ्यांना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर वजन तोलावे लागले असेल. तोरणा-राजगडाच्या ओढीने पुण्याहून निघणाऱ्या तरुणांच्या वाट्याला येतो तो पाबे घाट. तो वरंधाहून लहान आहे, त्यामुळे डाव्या पातीची सवय करायला सोयीचा. रहदारी कमी असताना, सकाळी, रस्ता कोरडा असताना. वरंध पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो. तो उघडेपर्यंत सरावाला वेळ पुष्कळ आहे.