चिंग्लिश : आधी नाइलाज, आता खोडी

'नो झ्वो नो डाय.' नसती उठाठेव केली नाही, तर नसते संकट ओढवत नाही, असा या चार शब्दांचा अर्थ. 'झ्वो' चिनी, उरलेले शब्द इंग्रजी, वाक्याचा सांगाडा पुन्हा चिनी. चिनी समाजमाध्यमांवर अशी वाक्ये मुबलक सापडतात. 'पीपल माउंटन पीपल सी' म्हणजे तोबा गर्दी. 'यू कॅन यू अप, नो कॅन नो बीबी' म्हणजे जमत असेल तर तू पुढे हो, नसेल तर वटवट करू नकोस. 'चिन्यांना इंग्रजी येत नाही' असे म्हणून आपण हे सारे हसण्यावारी नेतो. माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे कळण्यासाठी कँटनच्या धक्क्यावर जावे लागते.

१७५७ मध्ये छ्येनलुंग सम्राटाने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, या एकाच बंदरापुरता सीमित केला. त्यांना चिनी भाषा शिकवण्यासही बंदी आली. ही बंदी कशी होती, ते पाहा. १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंटने स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध थेट दरबाराकडे चिनी भाषेत तक्रारअर्ज पोहोचवला. फ्लिंटला तीन वर्षांची कैद झाली. अर्ज लिहिण्यास मदत करणाऱ्या चिनी माणसाला मात्र देहदंड झाला.

तरीही व्यापार थांबला नाही. चहा आणि रेशीम बाहेर जात होते. मुंबईहून कापूस व अफू येत होती आणि तिच्यासोबत आपले पारशी व्यापारीही. अशा बाजारात कामापुरती एक भाषा उभी राहिली : शब्द बहुतांशी इंग्रजी, बांधणी चिनी. तिचे नाव पिजिन. 'बिझनेस' या शब्दाच्या चिनी उच्चारातून ते आले, असे सामान्यतः मानले जाते. 'नो कॅन डू' आणि 'लुक-सी' हे त्याच भाषेचे ठसे. पुढे शांघायमध्ये ब्रिटिश व फ्रेंच अमलाखालील वस्त्यांच्या सीमेवर यांगजिंगबांग नावाचा ओढा होता. त्याच्या काठच्या बोलीला त्याचेच नाव मिळाले. ओढा बुजवून त्यावर रस्ता झाला, परंतु मिश्रभाषेसाठी चिनीत तो शब्द आजही टिकून आहे.

या भाषेची थट्टा कोणी केली? १८७६ मध्ये चार्ल्स लेलंड या अमेरिकन लेखकाने पिजिनमधल्या विनोदी पद्यांचे पुस्तकच काढले. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून पोट भरणारा माणूस हा असा करमणुकीचा विषय झाला. ही लाज दीर्घकाळ पुरली. २००८ च्या ऑलिंपिकपूर्वी बीजिंगने चुकीच्या इंग्रजी पाट्या बदलण्याची मोहीम काढली, आणि २०१७ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजीसाठी राष्ट्रीय मानकेही लागू झाली.

सरकार पाट्या दुरुस्त करत असतानाच तरुण पिढी मात्र हौसेने इंग्रजी मोडू लागली. २००१ पासून चीनने तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण आणले होते. 'यू कॅन यू अप' लिहिणाऱ्या बहुतेकांना शुद्ध वाक्य कसे असते ते शाळेतच शिकवलेले असते. कँटनच्या दलालाला शिक्षक मिळत नव्हता. यांना शिक्षक मिळाला, आणि आता त्याचीच नक्कल चालली आहे. दोन्हींना 'मोडकी इंग्रजी' म्हटले, की मधली अडीचशे वर्षे नाहीशी होतात.

उलट्या टोकाचा अभिमानही मला पटत नाही. २०१४ मध्ये 'नो झ्वो नो डाय' हे अर्बन डिक्शनरीत आले, तेव्हा चिनी वृत्तपत्रांना कोण आनंद झाला! पण त्या संकेतस्थळावर कोणीही नोंद करू शकतो. गडाच्या भिंतीवर आपले नाव कोरून गड जिंकल्याचे सांगण्यासारखेच ते. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने हाँगकाँगच्या इंग्रजीतील 'अ‍ॅड ऑइल', म्हणजे 'जोर लाव', हा प्रयोग स्वीकारला, त्याचे वजन वेगळे.

मला स्वतःला मात्र त्याहून लहान, कोशाबाहेरचे शब्द अधिक मोलाचे वाटतात. २०१० च्या आसपास चिनी जालावर काही जोडशब्द घडवले गेले. 'फ्रीडम'च्या शेवटी शिवी चिकटवून 'फ्रीडॅम' झाला : चिनी वैशिष्ट्यांसह मिळणारे स्वातंत्र्य. 'स्माइल' आणि 'सायलेन्स' मिळून 'स्माइलन्स' झाला : सारे ठाऊक असूनही काही न बोलता नुसते हसणे. ज्या देशात जालावरच्या बोलण्यावर पाळत असते, तिथल्या तरुणांना हा शब्द परक्या भाषेतून घडवावासा वाटला.